परसातले मासे

४ जानेवारी
मासे आले. बोटाएवढे, पाणी भरलेल्या पिशव्यांतून. लेकीने पिशव्या उघडल्या नाहीत, तशाच टाकीत तरंगत ठेवल्या. म्हणे, नव्या पाण्याची सवय होऊ दे. मला या घराची सवय व्हायला कुणी इतका वेळ दिला नव्हता! हे चष्मा पुसून पुसून बघत होते. म्हणाले, "मेलेत वाटतं." मेले नव्हते.

परसात आता पाय ठेवायला जागा नाही. निळी टाकी, तिच्याहून उंचावर बसवलेले खड्यांचे दोन लांब ट्रे, मध्ये पाइप आणि पंप. मासे पाण्यात घाण करणार, पंप ते पाणी खड्यांवर सोडणार, खड्यांवरचे जंतू त्या घाणीचं खत करणार, ते रोपं खाणार आणि निवळलेलं पाणी परत माशांना. माती नाहीच. महिनाभर ही पोरगी नुसतं पाणी फिरवत बसली होती, जंतू धरायला. मला समजलं, पटलंही. यांना पटत नाही. उभा जन्म इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या सफाईवर देखरेख केली, आणि आता घरात जंतू पाळायचे!

१९ जानेवारी
टाळत होते ते लिहून टाकते. लेकीला कंपनीने बिनपगारी रजा दिली आहे, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. तोवर याचा धंदा होईल असं दिसलं तर नोकरी सोडणार, गोदाम भाड्याने घेणार, मोठ्या टाक्या बसवणार, हॉटेलांना भाजी आणि मासे विकणार. नाही दिसलं तर परत तिच्या शहरात, तिच्या नोकरीत.

मला तसं दिसायला नको आहे. तिने परत जावं. तिथे तिच्या मैत्रिणी आहेत, बढती होऊ घातली आहे, ऑफिसात तिची स्वतःची खिडकी आहे. दोन म्हाताऱ्यांच्या परसात पाइप जोडत तिने चाळिशी गाठलेली मला बघवणार नाही. यांचंही तेच मत. तिच्यासमोर मात्र दोघंही "छान चाललंय" म्हणतो. आणि खरोखर छान चाललंय, हीच तर पंचाईत.

२ फेब्रुवारी
पहिलं लेट्यूस कापलं. कुरकुरीत, गोडसर. हे म्हणाले, "पाण्यासारखं लागतं." आणि अर्धं वाडगं संपवलं.

माझं शिलाई मशीन परसाच्या खिडकीशी आहे. आज एका पँटची एक तंगडी आखूड शिवली, कारण लक्ष बाहेर. लेक पंपावर वाकून काहीतरी आवळत होती आणि गुणगुणत होती. ती शेवटची कधी गुणगुणत होती मला आठवेना.

९ फेब्रुवारी
हे माशांशी बोलतात. विचारलं तर म्हणाले, "मोजत होतो."

२० फेब्रुवारी
गोदाम बघायला तिघं गेलो. गोदामवाला भला माणूस, बोलका. त्याने खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि मग म्हणाला, "कशासाठी हवंय?" लेकीने सांगितलं. तो हसायला लागला. कुत्सित नाही, ओळखीचं कुणी भेटल्यासारखं. मागे नेऊन त्याने आम्हाला रिकाम्या टाक्यांची रांग दाखवली. यानेही हेच केलं होतं!

म्हणाला, "ताई, मासे जगतात, भाजी येते, सगळं खरं आहे. पण पंप चोवीस तास, खाद्य विकतचं, हाताखाली माणसं. आणि शेतातली भाजी बाजारात आपल्या निम्म्या भावाने येते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. शेवटी मी शिकवण्या घेतल्या. भाजी घ्यायला जितके आले नाहीत तितके ती कशी करतात ते ऐकायला आले."

लेकीने विचारलं, "मग परसात का चालतं?"

"परसात तुमची मेहनत फुकट असते ना. आणि चुकलं तर त्या आठवड्यात भाजी विकत आणता. धंद्यात चुकलं की गिऱ्हाईक जातं."

"माझ्याकडे हॉटेल आहे एक," लेक म्हणाली. "शेफ बघायला येणार आहेत."

"मग या. मी तुम्हाला अडवणार नाही. मला तरी कुठे कुणी अडवू शकलं होतं!"

आम्ही परत निघालो. आता ही माघार घेईल म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. तिचं उतरलेलं तोंड बघून जीव कळवळला. यांनी कधी नव्हे ते तिला आइसक्रीम घेऊन दिलं.

२१ फेब्रुवारी
माघार नाही. सकाळपासून हिशेब मांडते आहे. मासे कमी, पुदिना आणि तुळशीसारखी वासाची पानं जास्त, असं काहीसं. हट्टी आहे. कुणाची लेक आहे ते दिसतंच!

६ मार्च
उद्या शेफ येणार. लेक खोकी आणायला दिवसभर बाहेर. ती फाटकाबाहेर पडली आणि यांनी बाह्या सरसावल्या. "पाहुणा येणार आणि खड्यांवर ही बुळबुळ! लाज आणशील का पोरीला?" मी म्हटलं, तिला विचारून करा. म्हणाले, "साफसफाईचं मला कुणी शिकवायचं?" एकेक खडा चाळणीत घेऊन नळाखाली चोळला. पाइपांत ब्रश घातला. रोपं बादलीत काढून ठेवली आणि पुन्हा ओळीत लावली. मीही हातभार लावत होते. कमरेचे तुकडे झाले. पण काय लखलखीत दिसायला लागलं म्हणून सांगू!

ज्या धंद्याने चालू नये असं आम्हाला वाटतं, त्याच्यासाठी दोघं दिवसभर घासत बसलो. आई-बाप म्हणजे एक वेडगळ जात आहे.

लेक अंधार पडता पडता आली. घाईत होती, लांबूनच बघितलं. "बाबा, किती छान दिसतंय!" यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

७ मार्च
शेफ खूश. पान तोडून चावलं, डोळे मिटले. महिनाअखेरीपासून दर आठवड्याला खोकी घेणार. लेकीने मला मिठी मारली. मी पण हसले. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. ती राहणार. गोदाम घेणार. तिची बढती, तिची खिडकी, सगळं गेलं.

१२ मार्च
मासे वर येऊन तोंडं उघडताहेत.

१३ मार्च
लेकीने टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन तपासणीचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते हिरवंगार झालं. म्हणजे माशांची घाण पाण्यात तशीच साठतेय, तिचं खत करायला कुणी उरलंच नाही. तिने ट्रेमध्ये हात घातला, एक खडा काढून अंगठ्याने चोळला. स्वच्छ, कोरा.

"हे कुणी धुतलं?"

बुळबुळ म्हणजेच ते जंतू. महिनाभर खपून धरलेले. नळाच्या पाण्यात क्लोरिन. उरलेसुरले त्यानेच मारले असतील.

हे म्हणाले, "मी. पाहुणे येणार म्हणून."

 ती हळूच म्हणाली, "बाबा, मुद्दाम केलंत? तुम्हा दोघांना मी जायला हवी आहे, मला माहीत आहे. भिंती पातळ आहेत."

यांनी तिच्या हातातला खडा घेतला आणि ट्रेमध्ये परत ठेवला.  मुद्दाम नाही केलं, हे खरं. ती जायला हवी आहे, हेही खरं. एक सांगायचं आणि दुसरं गिळायचं, हे माझ्याने होईना.

१५ मार्च
हे पहाटेपासून बादल्या भरून उन्हात ठेवतात. दिवसभर ठेवलं की क्लोरिन उडतं. मग थोडं जुनं पाणी काढायचं, थोडं हे घालायचं. कुणी सांगितलं नाही, तिच्या पुस्तकात वाचलं त्यांनी. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एक बादली ठेवतो, दुसरी उचलते. मी खिडकीतून बघते आणि उसवते, उसवते आणि शिवते.

मेलेले मासे यांनी पेरूच्या झाडाखाली पुरले. जेवले नाहीत.

१९ मार्च
आज हे टाकीशी उभे राहून म्हणाले, "इस्पितळात माझ्या हाताने एक माणूस दगावला नाही. इथे निम्मे मासे मारले." लेक उठली आणि तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "मला माहीत होतं मुद्दाम नव्हतं. रागात बोलले." हे म्हणाले, "तुझा राग बरोबर होता. माझा ब्रश चुकला."

मी मशीन जोरात चालवलं, म्हणजे माझं नाक ओढलेलं ऐकू जाऊ नये.

२७ मार्च
पानं पिवळी. खोकी रिकामी. शेफने फोन केला, गोड बोलला आणि दुसरीकडून घेतो म्हणाला. गोदाम नको म्हणून गोदामवाल्याला लेकीनेच कळवलं. तो म्हणाला, "परसातलं मात्र मोडू नका."

आमच्या मनासारखं झालं. घरात सुतकी शांतता. यांनी आमची नजर चुकवून तिची सूटकेस माळ्यावरून काढली, पुसली – हो, पुसलीच – आणि तिच्या खोलीत नेऊन ठेवली.

३ एप्रिल
रजा परवा संपते. सूटकेस उघडी, आत काही नाही. थेंब टाकलेलं पाणी आज पुन्हा पिवळंच राहिलं. हे तिला दाखवायला धावत गेले.

४ एप्रिल
आज मीच तिचे कपडे भरायला घेतले. तिने माझ्या हातातून कुर्ता काढून घेतला. म्हणाली, "बाबा शिडीवरून पडले होते ते तुम्ही मला प्लास्टर निघाल्यावर सांगितलंत, आई. मला धंदा नको होता गं. इथे राहायला कारण हवं होतं. नुसतं राहते म्हटलं असतं, तर राहू दिलं असतं तुम्ही?"

नसतं दिलं.

हे दारात उभे होते. त्यांनी सूटकेस मिटली आणि परत माळ्यावर चढवायला निघाले. आम्ही दोघी ओरडलो – शिडीवर तुम्ही नाही!