दाराबाहेरचा बाक

२ सप्टेंबर, सोमवार

बंद केली! माझ्या शाळेतली सकाळची प्रार्थना बंद केली! बावन्न वर्षांची गोष्ट, एका परिपत्रकात संपली. मला विचारणं सोडाच, कुणी कळवलंही नाही. नात दप्तर भिरकावता भिरकावता म्हणाली, "आजोबा, आता प्रार्थना नसते. आता आम्ही मूल्यचिंतन करतो."

मूल्यचिंतन! हा शब्द आहे की खोकल्याची गोळी? दोन मिनिटं गप्प बसायचं, मग यंत्रातून 'टुंग' वाजतं — झालं चिंतन. "कशाचं चिंतन केलंस गं?" म्हटलं. "डब्याचं." पोरगी खरं बोलते, तेवढंच समाधान.

संतापाने खुर्चीत बसलो तो नेमका चष्म्यावर. एक काडी गेली, एक काच गेली.

आमच्या जुन्या हेडमास्तरांनी रचलेली प्रार्थना. शेवटचं कडवं इथे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कुणाच्या लक्षातही राहायची नाही —

पाटी अमुची कोरी, ख्रिस्ता,
पहिले अक्षर तुझे असू दे;
उभा कुणी जो दारापाशी
त्यालाही तू आत बसू दे.

शब्द हेडमास्तरांचे, म्हणायची तऱ्हा माझी. तीन ओळी खणखणीत आणि चौथीला आवाज एकदम खाली. "शेवटची ओळ हळू, पोरांनो! देवाच्या कानात सांगायची आहे." चाळीस पोरं कुजबुजायची. पूर्वेच्या खिडकीतून तिरपं ऊन, त्यात खडूची धूळ तरंगत असायची — टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. कवितेचा तास मला तिथेच सुरू झाल्यासारखा वाटे.

यात कुणाला काय बोचलं? सांगा ना!

३ सप्टेंबर, मंगळवार

चष्मा नाही. अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. तरी लिहिणार.

४ सप्टेंबर, बुधवार

मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. मी निवृत्त झाल्यावर बारा वर्षांनी आलेल्या बाई, बोलणं साखरेत घोळलेलं. "सर, एका पालकाचं पत्र आलंय. शाळेला अनुदान आहे, सगळ्या धर्मांची मुलं आहेत. समितीने सर्वांना मान्य होईल असा मार्ग काढला." सर्वांना! त्या सर्वांत मी नाही. हेडमास्तर तर थडग्यात. त्यांना कोण विचारतो!

एक पत्र आलं आणि बावन्न वर्षं कोलमडली. कोण हे पालक? नाव सांगणार नाहीत म्हणे. पत्र मात्र नाव खोडून सगळ्या पालकांना पाठवलंय. सूनबाईकडेही आलंय.

"बाबा, वाचून दाखवू?"

"नको!"

"नुसतं ऐका तरी."

"त्यात काय असणार ते मला ठाऊक आहे."

"न वाचताच? परीक्षेत असं करणाऱ्या पोरांना तुम्ही काय करायचात हो?"

सूनबाई नर्स आहे, सुई टोचायची सवय आहे तिला. चर्चला येत नाही. लग्नातच सांगून टाकलं होतं, "देव तुमचा, घर दोघांचं." मी त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. बोललो का? नाही! मी कुणावर सक्ती करणारा माणूसच नाही.

शाळेतही नाही केली. ज्यांच्या घरी प्रार्थना चालत नाही अशा मुलांना तेवढा वेळ बाहेर थांबायची मुभा — ती कुणी सुरू केली? मी! सगळ्या शाळांत सरसकट हात जोडायला लावत होते तेव्हा. पोरांना उभं राहायला लागू नये म्हणून व्हरांड्यात बाकसुद्धा मीच ठेवून घेतला. तिकडे भिंतीशी, सावलीत. दार मी स्वतः लोटून घ्यायचो — म्हणजे त्यांनाही त्रास नको, आम्हालाही नको. आणि आज मला निधर्मीपणा शिकवतात!

मी पोरांना सांगायचो, निधर्मी राज्य म्हणजे सगळ्यांना बसता येईल अशी मोठी खोली. आता कळतंय, यांना खोलीच रिकामी करायची होती. दुकानाच्या पाटीवर देव चालतो, गाडीच्या काचेवर चालतो, निवडणुकीत तर धावतो! फक्त मुलाच्या ओठावर चालत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

चष्मेवालीकडे गेलो. चौकातलं छोटं दुकान, चारी भिंतींना आरसे. आपलाच रागावलेला चेहरा सगळीकडून बघत बसायचं. मोठी हसतमुख बाई. मला 'सर' म्हणते. सगळं गावच म्हणतं म्हणा.

"सर, चष्म्यावर बसलात?"

"रागावर बसलो."

मग जे सुरू झालो! ती काडीचा स्क्रू फिरवत होती आणि मी पत्र लिहिणाऱ्याची सालटी काढत होतो. कोण हा उपरा, कोण हा करंटा, पोराला शाळेत घालताना डोळे मिटले होते का! म्हटलं, "माझ्या वेळी बाहेर बसायची सोय होती. आणखी काय ताटात वाढून द्यायचं?"

तिचे हात थांबले. "हो, बाक होता," एवढंच म्हणाली. मग, "मान वर करा, सर. नाकावर बसतोय का बघू."

माझी विद्यार्थिनी असावी. हजारो झाल्या, चेहरे कुठे आठवतात? विचारायचं राहून गेलं. काच मंगळवारी मिळेल.

८ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर सगळे चर्चच्या अंगणात थांबले. आमच्या मंडळीतले निवृत्त फौजदार तर हाताच्या बाह्या सरसावूनच आले होते. "मोर्चा काढू! शाळा कुणाची आहे ते दाखवून देऊ त्यांना!"

"कुणाला?" मी विचारलं.

"त्यांनाच!"

"तुम्हाला प्रार्थना येते का पूर्ण?"

"चाल आठवते," म्हणाले.

डोकंच फिरलं. प्रार्थना काय लाठी आहे? ज्यांनी ती चाळीस वर्षांत एकदा ओठांवर आणली नाही ते आता तिच्यासाठी रस्ता अडवणार! ख्रिस्ताने गाढवावर बसून गावात प्रवेश केला, आणि यांना मोठ्या आवाजाचे कर्णे हवेत. समितीवर माझा राग आहेच. पण या आपल्याच माणसांचा त्याहून जास्त आला.

पाळकसाहेब मधे पडले. "सर, गुरुवारी पालकसभा आहे. आपल्या बाजूने तुम्हीच बोला. तुमचं ऐकतील." बोलणार! माझ्याच तर वर्गातली प्रार्थना. मी नाही बोललो तर कोण बोलणार?

१० सप्टेंबर, मंगळवार

चष्मा आला. जग पुन्हा कडेकडेने रेखीव. दुकानात ती नव्हती, तिचा नवरा होता. भाषण लिहिलं — सात पानं. तिसऱ्या पानावर चांगलंच फटकावलंय.

११ सप्टेंबर, बुधवार

सकाळी सूनबाईने चहा आणला. बशीखाली कागद. "चहा गार होतोय, बाबा. आणि आता चष्म्याची सबब नाही."

वाचलं.

शब्दन् शब्द लिहून ठेवतो. हाताला शिक्षाच हवी.

'माझी मुलगी रोज प्रार्थनेच्या वेळी व्हरांड्यात थांबते. तिच्या वयाची असताना मीही याच शाळेत तीन वर्षं थांबले. मला शिक्षा नव्हती, मुभा होती, हे मला माहीत आहे. बाकही होता. पण बाकावरून आतलं ऐकू येत नसे, म्हणून मी दाराला टेकून उभी राहायचे. आमच्या घरी वेगळा देव आहे आणि तो तसाच राहील. पण दार उघडून आत गेल्यावर चाळीस जण एकदम वळून बघतात, ते काय असतं हे फक्त बाहेर थांबलेल्याला कळतं. माझी विनंती एवढीच, मुलीला आत बसू द्या. तिला म्हणायचं नसेल तर ती गप्प बसेल. प्रार्थना कृपा करून बंद करू नका. ती फार सुंदर आहे.'

बंद करू नका! स्वच्छ लिहिलंय, बंद करू नका! आणि या समितीने काय केलं? एक लेकरू आत यायला मागत होतं, यांनी घरच पाडलं! दार उघडण्यापेक्षा ते सोपं ना! ना कुणाचा देव, ना कुणाची तक्रार. वर 'सर्वांना मान्य'!

आणि मी? आठवडाभर ज्याला शिव्या घातल्या ते पत्र मी उघडलंही नव्हतं.

दार कोण लोटून घ्यायचं? हे मी गेल्या बुधवारी याच वहीत लिहिलंय. अभिमानाने.

सात पानं फाडली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सभा. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. माझी पाळी आली तेव्हा फौजदारांनी आधीच टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "प्रार्थना ठेवा आणि कुणालाही बाहेर काढू नका. बाहेर काढायची रीत माझी होती. ती चूक होती." फौजदारांचे हात हवेतच राहिले.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "सर, आपल्या भावनांचा आदर आहे. पण सगळेच गप्प राहिले की कुणाचीच तक्रार उरत नाही." भावनांचा आदर! हे म्हणतात तेव्हा समजावं की निर्णय झालेला आहे.

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. "तक्रार होती ती माझी. आणि मी हे मागितलंच नव्हतं." वळून पाहिलं. चष्मेवाली!

अध्यक्षांनी तिच्याही भावनांचा आदर केला. मूल्यचिंतन कायम.

मला शरमेने तिच्याकडे बघवेना. उपरा, करंटा — तिच्याच दुकानात, तिच्याच हातात चष्मा देऊन बोललो होतो मी. बाहेर तिनेच गाठलं. "सर, काडी टोचते का हो कानामागे? येऊन जा."

१४ सप्टेंबर, शनिवार

गेलो. काडी टोचत नव्हती.

ती म्हणाली, "सर, सगळी पाठ आहे मला. 'उभा कुणी जो दारापाशी' इथपर्यंत. त्याच्यापुढे काही ऐकूच यायचं नाही. तीन वर्षं वाटायचं, त्या माणसाचं पुढे काय झालं असेल? एकदा तुम्हाला विचारलं होतं. म्हणालात, तुला काय करायचंय."

आठवत नाही. पण म्हणालो असेन.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. शेवटची ओळ आज मोठ्याने म्हटली.