साहेबांची मागची बाजू

ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघे काय म्हणतात? मामींच्या औषधाच्या वेळा हल्ली तुम्हीच त्यांच्यापेक्षा जास्त पाळता असं आईकडून कळलं, बरं वाटलं. इकडे सगळे मजेत. (मी सोडून. ते पुढे येईलच.)

तुमच्या साहेबांच्या गावच्या चौकासाठी त्यांचा पुतळा मी घडवतोय हे तुम्हाला कळलंच असेल. बावीस वर्षं फायली घेऊन त्यांच्या मागून चाललेल्या तुम्हाला स्मारक समितीनं एका शब्दानं विचारलं नाही, म्हणून तुम्ही त्या गावाचं नावही घेत नाही, हे मलाही कळलंय. अहो, समितीनं मला तरी कुठे विचारलं? सहा महिन्यांत साहेबांची छाती दोनदा रुंदावली, पोट तीनदा आत गेलं, चष्मा निघाला, चढला, पुन्हा निघाला. मी आपला मातीचा हमाल. त्यात अध्यक्षांनी ठरवलं की साहेबांनी नगरपालिकेकडे तोंड करून उभं राहायचं. (अध्यक्षांच्या केबिनची खिडकी तिकडे आहे.) म्हणजे सबंध बाजाराला दिवसभर दिसणार ती पाठ, आणि पाठीचा एकही फोटो नाही. खोकंभर फोटो चाळले, सगळे समोरून. बऱ्याच फोटोंत कडेला कोटातला तुमचा अर्धा खांदा आणि फायलींची पिशवी आहे. बाकीचे तुम्ही कात्रीनं कापले गेलात. मला वाईट वाटलं, मामा.

शेवटी केली अंदाजपंचे. जरा वाकलेली, डावा खांदा उतरता. काल साहेबांच्या थोरल्या बहीण आल्या. समोरून बराच वेळ न्याहाळून त्यांनी विचारलं, "हे कोण?" (अध्यक्ष शेजारीच उभे होते.) मग काठी टेकत मागे गेल्या, ओल्या मातीवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "हा आमचा धाकटा."

मामींना नमस्कार.

आपला भाचा

ता. क. पाठ तुमची आहे. लहानपणी मला शाळेत सोडताना तुम्ही पुढे चालायचात आणि मी मागे, त्यामुळे दुसरी पाठ माझ्या हाताला येतच नाही. बावीस वर्षं एखाद्याच्या मागे चालून माणूस त्याच्यासारखाच चालू लागतो की काय, कोण जाणे. समितीला सांगितलेलं नाही.

ता. क. २. बुधवारी ब्राँझ ओतण्यासाठी मातीवरून साचा घेणार, मग बदल नाही. डाव्या खांद्याचं माप मला नक्की करायचंय. राग राहू द्या, पण कोट घालून मंगळवारी या. ब्राँझला कात्री लागत नाही.