कमरेला फॉल

सातारा, ४ ऑक्टोबर २०२५

चि. ओजस्विनीस,
अनेक आशीर्वाद, आणि एकदा कान पिळला आहे असं समज.

साडी मिळाली. काल मंजुषाच्या डोहाळजेवणाला नेसायला घेतली, तर फॉल खालच्या काठाला नाही, कमरेच्या काठाला! ऋतावहिनीने लावलेल्या फॉलचा टाका शोधून सापडत नाही, म्हणून तर मी साडी पार चंदीगडला पाठवते. आणि तू फोनवर छातीठोकपणे सांगतेस, आईनेच लावला.

कधीही फोन करावा, तर तुझी आई अंघोळीला गेलेली. इतक्या अंघोळी? तुझा बाबा प्रसन्न तिकडे जोरहाटला हवाई दलाची विमानं सांभाळतोय, त्याला दिसत नसेल; मला दिसतं. तू विषय बदलतेस, म्हणून लिहून विचारते. घरात काय चाललंय? दिवाळीनंतर मी येतेच आहे. तिकीट काढलंय.

तुझी,
चारुआत्या

खरड (चंदीगडजवळ), ११ ऑक्टोबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

फॉल मी लावला. दोन्ही काठ सेम होते यार, आणि मी कधी साडी नेसलेय? आईचे हात मार्चपासून थरथरतात. सुई सोड, कपही धरवत नाही. सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलमध्ये मीच नेते. डॉक्टर चांगले आहेत, पण दर वेळी विचारतात, घरातलं मोठं कोण आलंय? तिची अंघोळ, वेणी, पोळ्या, सगळं मीच करते. पोळ्यांना हसू नकोस.

बाबांना माहीत नाही. व्हिडिओ कॉलवर आई हात शालीखाली ठेवते. मागे ती आजारी पडली तेव्हा बाबांनी मला होस्टेलला टाकलं आणि तिला मामाकडे पाठवलं. सहा महिने मला आई दिसली नाही. आत्या, तू बाबांची बहीण आहेस, मला तुझाही भरवसा नाही. त्यांनीच तुला पाठवलंय ना? परतीची तिकिटं किती काढलीस? एकच असेल तरच ये.

लोभ असेल तर उत्तर दे.
ओजू

सातारा, १६ ऑक्टोबर

चि. ओजूस,
आशीर्वाद.

प्रसन्नने मला पाठवलेलं नाही. त्याला सांगावं तर लागेलच, पण ते मी तुमच्या घरी, तुम्हा दोघींच्या मध्ये बसून सांगेन. मग बघू तो कुणाला कुठे पाठवतो ते.

तिकिटांचा तुझा संशय खरा आहे. मला वाटलं, आईचं लक्ष नाही, पोरीला साताऱ्याला घेऊन यावं. परतीची दोन काढली होती. तुझं पत्र वाचलं आणि दोन्ही रद्द केली.

लोभ आहे, तू ठेवलास तर आणखी बरं.
तुझी आत्या