दहा इंची पाटी

४ जाने., रविवार
डोकं ठणकून राह्यलं. मोबाइलवर भूगोलाची सात पानं झाली, आठव्याले डोळ्यातून पाणी. खामगावचा डोळ्याचा डॉक्टर म्हणे, मोबाइल दिवसाले अर्धा तास, बस. क्लासवाल्या सरच्या नोट्स अकराशे पानं! सगळे कागदाचे फोटो काढून पीडीएफ केलेली. वाचू कशावर, डॉक्टरच्या टकलावर?

माय म्हणते पुस्तकं आण. मागच्या साली आणली होती. भूगोल हार्वेस्टरच्या केबिनमध्ये राह्यला, अर्थशास्त्र शेगावच्या एसटीत. तिले सांगितलं नाही.

चाकणवरून दादाचा फोन. "हे शेवटचं सांगतो. यंदा बारावी निघाली तं ठीक, नाही तं माझ्या कंपनीत. बारा तासाची ड्युटी." बाबा गेल्यापासून हाच बाप झाला. कोणी केला?

वनरक्षकाच्या भरतीले बारावी लागते, त्यात भूगोल चालतो. सोनाळ्याच्या वरचं जंगल. हिंडायचाच पगार! अशी नोकरी माझ्यासाठीच काढली असंल. अन् अडलं कुठं, तर डोळ्यात.

६ जाने., मंगळ
इम्रानच्या दुकानात गेलो, स्टँडवर. आठवीपर्यंत एका बाकावर होतो, आता मोबाइल दुरुस्त करते अन् लोकांले शहाणपण शिकवते. म्हणलं ई-रीडर पाह्यजे, कागदासारखा स्क्रीन असते तो, डोळ्यावर उजेड मारत नाही.
"अबे, इतक्यात टॅब येते मस्त. कलर. पिक्चर पाय, गेम खेळ."
म्हणलं टॅब म्हणजे मोबाइलचाच मोठा भाऊ. अन् मी मले ओळखतो, रील लागली की जेवण विसरतो. मले असं मशीन पाह्यजे की वाचण्याबिगर त्याच्यावर काहीच नाही झालं पाह्यजे.
"म्हणजे पुस्तक," इम्रान म्हणे. दुकानातले सगळे हासले.
चहा सांगितला होता. न पिता आलो.

७ जाने.
कोणतं घ्यावं म्हणून पाच घंटे व्हिडिओ पाह्यले. मोबाइलवर! डोळे वाचवायचं मशीन निवडता निवडता डोळे गेले. सगळे व्हिडिओवाले एकजात इंग्रजी कादंबरी उघडतात अन् म्हणतात पाहा किती सुंदर. अबे, फोटोवाली पीडीएफ उघड ना एक! कॉमिक्स उघड! नाही उघडत.

जवळ जुन्या कॉमिक्सच्या चारशे फाइली आहेत. ते पण वाचायचं आहे. काऊन लपवू, ही वही माझी आहे.

९ जाने., शुक्र
मेहकरले क्लासवाल्या सरकडं सहा इंची पाह्यलं. नवं एवढंच बसते माझ्या खिशात, हार्वेस्टरवर दोन महिने धूळ खाऊन कमावलेल्या पैशात. पान उघडलं तं अक्षरं म्हणजे मुंग्या. मोठं केलं तं एक कोपरा दिसते, सरकवलं की स्क्रीन आधी काळा, मग पांढरा होते, तोवर मागचं विसरलो. कॉमिक्स टाकून पाह्यलं. राक्षस तोंड उघडून उभा, काय बोलून राह्यला ते काही दिसत नाही.
तरी घेणारच होतो. चिडून. सर म्हणाले थांब, इथल्या एका वकिलाले दहा इंची विकायचं आहे. जुनं. भाव सहा इंची नव्याचाच.

१० जाने.
वकिलाकडं निघालो. हिवरा आश्रमाची यात्रा लागली मधात. ट्रॅक्टरवरून पुरी-भाजी वाढून राह्यले होते, इतकी मोठी पंगत की दुसरं टोक दिसेना. बसलो. मग वाढायलेच लागलो. मेहकरले पोचलो तं वकील गावाले गेलेला. स्वतःच्या कानाखाली वाजवावी वाटली.

१२ जाने., सोम
घेतलं!!
वकीलसाहेब पांढऱ्या मिशीचे, हळू बोलतात. "कशाले पाह्यजे?"
"अभ्यासाले."
"अजून?"
"...कॉमिक्स."
"मग बरोबर. मी पण कोर्टात हेच करत होतो. समोरच्या वकिलाले वाटे दावा वाचून राह्यलो."
नकाशा उघडून पाह्यला. अख्खी नदी एका पानात, उपनद्यांची नावं सुद्धा. आतून लाइट नाही, दिवसाउजेडीच वाचायचं. कोपरा घासलेला. चालते. निघताना म्हणे, "याच्यावर काही ठेवू नको हो. आतली काच पापडासारखी असते."

माय म्हणे शुक्रवारी पूजा करू, तोवर हात नको लावू.

१५ जाने.
हात लावला. तुरीच्या वावरात बसून अकरा कॉमिक्स. डोकं दुखलं नाही, पाणी आलं नाही. भूगोल शून्य पानं.
दादाचा फोन: "कॉमिक्ससाठीच घेतलं ना तू?" म्हणलं, "अभ्यासासाठी!" अन् कापला. खरं बोलून राह्यला होता म्हणून डोक्यात जास्त तिडीक गेली.

१६ जाने., शुक्र


माय सकाळी आंघोळ करून पूजेले बसली होती. म्हणलं दहा मिनटं, इम्रानकडून वायर आणतो. तिथं एकानं जुनी फटफटी आणलेली, बंद. ती चालू करायच्या नादात चार वाजले.

घरी आलो तं पूजा झालेली. मुहूर्त टळून राह्यला होता म्हणे. दसऱ्याले पाटीची करतात तशीच केली. पाटावर मशीन, मशीनवर ओल्या कुंकवाची सरस्वती, त्यावर तांदळाची रास, राशीवर पाण्यानं भरलेला तांब्या, तांब्यावर नारळ. प्रसाद मी आल्यावरच उचलायचा म्हणून चार घंटे तसंच.

तांब्या उचलला. तांदूळ झाडले. बटन दाबलं. खालचा अर्धा काळा, त्यात कोळ्याचं जाळं.

"काय केलं बे तू?" मायले. बे म्हणलो मायले.
"पाटीच आहे ना? पाटीले काय होते?"
तांब्या अंगणात फेकला. पोचा आला त्याले. वकील म्हणाला ते मी तिले सांगितलंच नव्हतं. आत्ता लिहिताना आठवलं.

१७ जाने.
इम्राननं खोलून पाह्यलं. यावेळी हासला नाही. "वरची काच साबूत आहे, आतली गेली. इकडं नाही भेटत. मागवली तं मशीनच्याच भावात पडते."
"मंग?"
"वरचा अर्धा चालते ना बे. सरकवून सरकवून वाच."

१९ जाने.
सरकवून अठरा पानं वाचली. खरंच. अकरा कॉमिक्सच्या दिवशी नाही झाली तेवढी. पण रेषा वर चढून राह्यल्या. काल सहा बोटं होतं, आज चार बोटं. नकाशात गोदावरीच्या खाली काळं.
माय ताट ठेवते अन् जाते. कोणाचा राग कोणावर काढू, जागाच नाही राह्यली.

२२ जाने., गुरु
मशीन मेलं. पूर्ण पांढरं. मोबाइल काढला, पाचव्या पानाले डोळे गळायले लागले, फेकणारच होतो तेवढ्यात मायनं हातातून घेतला.
"आण इकडं. मी वाचते, तू ऐक."

सहावी शिकलेली. चष्मा लावला, मोबाइल हातभर लांब धरला अन् सुरू झाली पोथीच्या सुरात! लोकसंख्येची घनता पोथीच्या सुरात! दरवर्षी पोथी वाचून वाचून हेच वळण बसलं तिले.
"सूर काऊन लावते? सरळ वाच ना!"
"सुराबिगर मले वाचता येत नाही. आयकायचं तं आयक."
आयकलं. एका पानाले पाव घंटा. पेपरले वीस दिवस नाहीत. ह्या चालीनं अर्धं पण होत नाही, मले कळते, तिले पण कळत असंल. नकाशा आला की म्हणते, "हे चित्र आहे, तूच पाय," मग मी मिनटभर डोळे उघडतो.

मधात दादाचा फोन आला. मोबाइल तिच्याच हातात. तिकडून, "माय, त्याचं तिकीट काढू का? एक तारखेचं?"
"थांब जरा. आमची मान्सूनची पानं चालू आहेत," म्हणे, अन् कापला.

कापताना फाइल गेली. बोटानं धुंडून राह्यली तं कॉमिक्स उघडलं.
"हा कोण? याले काऊन बांधून ठेवलं झाडाले?"
म्हणलं ते नाही, भूगोल काढ.
"काढते ना. आधी ह्याचं काय होते ते सांग."
सांगितलं. रागातच सांगितलं.