बर्फातल्या सिरिंजा

मुंबई,
१२ डिसेंबर १९९३

ती. आईस,

सगुणाचा नमस्कार. तू रोह्याला जगनदादाकडे नीट पोहोचलीस, हे त्याच्या फोनवरून कळलं. मैनावहिनी, आईला हे सावकाश वाचून दाखव आणि मध्ये हसू नकोस.

आधी महत्त्वाचं. बाबांच्या जिवाचा धोका टळला. नळ्या काढल्या, वॉर्डात आणलं. हृदयातली नवी झडप झकास चालली आहे.

न सांगता का निघून गेलीस, ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी नुसतीच ओरडले, म्हणून आता समजावून सांगते.

ऑपरेशनच्या टेबलावर आणि नंतरही, हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतंय ते आम्ही डॉक्टर-सिस्टर मोजत होतो. नुसत्या बीपीवरून ते कळत नाही. खाडीच्या बांधाला पाणी सोडायच्या उघाडीपाशी पाणी चढलेलं दिसलं, म्हणून ते वाहतंय असं तू म्हणशील का? मानेतल्या नळीतून बर्फात ठेवलेल्या सिरिंजेतलं थोडं पाणी सोडतात आणि पुढे रक्तात त्याचा गारवा किती लागतो, ते यंत्र बघतं. गारवा कमी लागला की यंत्राला वाटतं, तो भरपूर रक्तात विरला, म्हणजे हृदय जोरात चाललंय.

आणि तू काय केलंस? माझी आई म्हणून ऑपरेशननंतर तुला आत त्यांच्यापाशी बसू दिलं, तर त्या सिरिंजा पदराखाली धरून कोमट केल्यास आणि गुपचूप ट्रेमध्ये ठेवल्यास! मिठागरातून बाबा थंडीत भिजून आले की तव्यावर मीठ तापवून पुरचुंडीने त्यांची छाती शेकणारी बाई तू. तुला ते गार पाणी बघवलंच नसणार. पण यंत्राला कोण सांगणार? आकडा मस्त आला. डॉक्टर हृदयाला जोर देणारं औषध कमी करायला निघाले.

मला पटेना. बाबांचे पाय गार, लघवी थेंब थेंब आणि आकडा म्हणे उत्तम! सिरिंजेला हात लावला तर कोमट. मी ओरडले, "कोणी हात लावला?" तू म्हणालीस, "गारठलं असतं गो त्यांचं काळीज."

नव्या सिरिंजा बर्फात घालून पुन्हा मोजलं. खरा आकडा बराच कमी निघाला. औषध वाढवलं, संध्याकाळपर्यंत पाय ऊबदार झाले. डॉक्टरांना मी तिथेच खरं सांगितलं. ते तुझ्यावर नाही, आमच्यावर चिडले. ट्रे नातेवाइकांच्या हाताशी ठेवायचाच कशाला, म्हणाले. तुझी चूक नव्हतीच असं मी म्हणणार नाही, तुला खोटं चालत नाही. पण ती सापडली आणि निस्तरली. "मी नवऱ्याला मारायला निघाले होते" असं जे तू दादाला सांगत बसली आहेस, ते आता पुरे.

वहिनी, पुढचं जरा हळू वाच.

बाबा जेवत नाहीत. चालायला उठवलं तर भिंतीकडे तोंड फिरवतात. छाती मोकळी व्हायला खोकायचं असतं, तेही करत नाहीत. असंच चाललं तर ऑपरेशनवर पाणी पडेल. आई दमली म्हणून रोह्याला गेली, असं मी सांगत होते. काल माझं मनगट धरून म्हणाले, "सगुणा, लपवू नको. कधी गेली ती?"

आई, त्यांना वाटतंय तू वारलीस. मी शपथ घेतली. फोनवर आवाज ऐकवावा, तर तू फोनजवळ येत नाहीस. म्हणाले, "जिती असती तर माझ्यापाशी नसती व्हय?" मी बाहेर जाऊन रडले.

आपल्या आळीतला शिवा हे पत्र घेऊन येतोय. त्याच्याबरोबरच परत ये. माफी मागत येऊ नकोस, सिरिंजांचं त्यांना काही ठाऊक नाही. दारातूनच त्यांना ओरडून विचार, "जेवत का नाय तुम्ही?" वॉर्डात आवाज करायला बंदी आहे, पण सिस्टर मीच आहे. तुझ्या शिव्या ऐकल्याशिवाय तू जिती आहेस हे त्यांना पटायचं नाही.

जिला तुम्ही दोघंही हवी आहात ती,
सगुणा