टाकीचं दार

४ फेब्रुवारी, रविवार

ठरलं! हॉल आणि सासूबाईंची खोली यांच्या मधल्या भिंतीत माशांची टाकी बसवायची. चार फूट लांब, दोन फूट उंच, दीड फूट रुंद. हे सकाळपासून नकाशा काढत बसलेत. ऑफिसात आयुष्यभर तेच केलं, तरी हौस फिटत नाही.

दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं मी काउंटरवर बसते. समोर एक छोटी टाकी आहे. दाढ ठणकणारी माणसंसुद्धा तिच्यासमोर गप्प होतात. तेव्हापासून मनात होतं — आपल्याकडे अशी हवी, पण मोठी. दरवर्षी नुसतं "बघू, बघू". भिजत घोंगडं! यंदा माझी पन्नाशी झाली तर हे म्हणाले, "माग काय हवं ते." मागितलं.

जेवताना सासूबाईंना सांगितलं. घास तसाच हातात ठेवून म्हणाल्या, "मी जायच्या आधीच भिंत फोडताय? दोन महिने दम निघाला नाही?"

हे म्हणाले, "आई, अगं तसं नाही." कसं आहे ते मात्र कोणीच सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी

जायचं त्यांचं त्यांनीच ठरवलंय. डिसेंबरात जिन्यात पडल्या, कंबर दुखावली. आपण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धाकट्या दिरांचं घर तळमजल्याचं. "मार्चअखेर धाकट्याकडे जाते," म्हणाल्या. हे "बरं" म्हणाले. मीही मान डोलावली. सगळं कसं शहाणपणाचं!

मला नको आहे त्यांनी जायला. लिहिलं बाई एकदाचं.

पण तोंडाने म्हणवत नाही. सव्वीस वर्षांत आम्ही भांडलो पोटभर, गोड कधी बोललो नाही. आता एकदम "राहा" म्हटलं तर त्याच म्हणतील, काय गं, काम काय काढलंस? आणि पुन्हा पडल्या तर? तो दोष माझ्या माथी.

त्यांनी निळी बॅग माळ्यावरून काढून घेतलीय. कपाटाला टेकवून ठेवलीय. रोज एक-दोन कपडे आत जातात.

१० फेब्रुवारी, शनिवार

मिस्त्री आले. शांत माणूस. भिंतीवर बोटांनी टकटक करत, कान लावत फिरले. "हिच्यावर घराचा भार नाही. फोडायला हरकत नाही. पण पाण्याचं वजन भिंतीवर टाकायचं नाही, खाली लोखंडी स्टँड लागेल." साडेतीनशे लिटर म्हणजे साडेतीनशे किलो, वर काचा वेगळ्या! मी मनातल्या मनात जमिनीची माफी मागितली.

ह्यांचा नकाशा मात्र देखणा. टाकीच्या वर फूटभर उंच झाकणाचं दार — हात घालायला, खाणं टाकायला, दिवा बदलायला. दार हॉलच्या बाजूला. सासूबाईंच्या बाजूला वरचा भाग प्लायने कायमचा बंद, म्हणजे त्यांना त्रास नको.

ह्यांनी भिंतीवर बरोब्बर अठ्ठेचाळीस इंचांवर खुणा केल्या. तेवढ्यात मागून वॉकरची टकटक. सासूबाई! गळ्यात टेप. चाळीस वर्षं शिवणाचे क्लास घेतले त्यांनी. टेप गळ्यात आली की कंबरसुद्धा सरळ होते. त्यांनी मापं घेतली आणि ह्यांच्याकडे पाहिलं.

"अठ्ठेचाळीसची टाकी, अठ्ठेचाळीसचं भोक. काच काय कापडासारखी ओढून बसवणार? माया कुठे सोडलीस?"

हे लालेलाल! मिस्त्रींनी तोंड फिरवून हसू गिळलं. दोन्हीकडून इंच-इंच वाढवलं. मला इतकं बरं वाटलं — टाकी वाचली म्हणून, आणि त्या खोलीबाहेर आल्या म्हणूनही.

१७ फेब्रुवारी

भोक पडलं. सगळीकडे धूळ. दातांखालीसुद्धा कचकच.

हॉलमधून थेट त्यांचा पलंग दिसतो. संध्याकाळी मी इकडे भाजी निवडत, त्या तिकडे बटणं लावत. सहा महिन्यांत बोललो नसू तेवढं बोललो. शेवटी त्याच म्हणाल्या, "भिंतीला कान असतात म्हणतात. तुम्ही तर तोंड केलंत."

२४ फेब्रुवारी, शनिवार

टाकी आली! सहा माणसं, तीन मजले, प्रत्येक वळणावर "सावकाश, सावकाश". माझा जीव मुठीत. स्टँडवर थर्माकोल अंथरलं, वर टाकी सरकवली. अलगद बसली. दोन्ही बाजूंनी मायेची फट बरोबर सारखी. ह्यांनी आईकडे पाहिलं. आईंनी छताकडे.

२६ फेब्रुवारी, सोमवार

घोटाळा!! आज मिस्त्री वरची चौकट बसवणार होते. आम्ही दोघं कामावर. घरी येऊन पाहते तो काय — हॉलच्या बाजूला प्लाय ठोकून सिलिकॉन भरून बंद, आणि दार सासूबाईंच्या खोलीत! अगदी उलट!

मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही नकाशा उलटा दाखवलात." हे म्हणाले, "मी? सकाळी शेवटचं तूच बोललीस त्यांच्याशी." मिस्त्रींना फोन केला तर, "सांगितलं तसंच केलं, ताई." पुढे काही नाही. दुसऱ्या कामावर आहेत, मार्चअखेर रंगाला येतील.

म्हणजे आता मासे माझे, दिवसातून दोनदा खाणं घालायचं, आणि त्यासाठी दर वेळी त्यांच्या खोलीत जाऊन त्यांच्या उशाशी उभं राहायचं. त्यांना किती त्रास!

हे म्हणाले, "राहू दे आता, कोण फोडणार? नाहीतरी आई गेल्यावर खोली रिकामीच."

त्यांच्यासमोर म्हणाले. माझा नवरा तसा हुशार आहे. सासूबाई टॉवेलाची घडी घालत होत्या. तीच घडी मोडून पुन्हा घातली.

३ मार्च

पाणी भरलं. गळत नाही. दुकानदार म्हणतो, मासे एवढ्यात नको, पाणी आधी दोन-तीन आठवडे मुरू द्या. म्हणून आम्ही तिघं नुसत्या पाण्याकडे बघत बसतो. एक दगड, चार झाडं, बुडबुडे. हे म्हणाले, "छान दिसतंय." सासूबाई पलीकडून, "काय छान दिसतंय? बादली?"

९ मार्च

सासूबाई मला पाण्यात पाहतात असं लग्नानंतर बहिणीला म्हणायचे. आता खरंच पाण्यातून पाहतात. झाडांमधून चष्मा दिसतो. आज मी हात हलवला. त्यांनीही हलवला — मग लगेच माशी हाकलल्यासारखं केलं.

२१ मार्च

मासे आले. सध्या सहाच. पाच सोनेरी, एक काळा. काळा शिष्ट आहे, दगडामागे त्यांच्याच बाजूला बसतो. मला शेपटी तेवढी दाखवतो.

सकाळी खाणं घालायला गेले. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मी चोरासारखं दार उघडलं. म्हणाल्या, "चिमूटभर म्हणजे एवढं? फुगून मरतील." डबा माझ्या हातातून घेतला. वॉकर सोडून, एक हात भिंतीला, उभ्या राहिल्या. घातलं.

मी म्हटलं, "आई, तुम्हाला कशाला त्रास?" म्हणाल्या, "माझ्या उशाशी आहे. तू कशाला फेऱ्या मारतेस?"

२५ मार्च

सकाळ-संध्याकाळ त्याच घालतात. उभ्या राहतात. हळूहळू हॉलमध्ये येऊन या बाजूनेही बघून जातात. काळ्याशी बोलतात, मी गेले की थांबतात.

दिरांचा फोन — "रविवारी गाडी घेऊन येतो." मी "बरं" म्हटलं. याच जिभेने मी भाजीवाल्याशी तासभर भांडते! "राहा" हा एक शब्द तेवढा निघत नाही.

२८ मार्च

आज मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ठरवून. म्हणाले, "आई —" त्यांनी वर पाहिलं. मी विचारलं, "चहा ठेवू?"

बॅग भरली आहे. चेनही लावली.

३० मार्च, शनिवार

मिस्त्री रंगाला आले. मी चिडूनच विचारलं, "दार उलट्या बाजूला करायला सांगितलं तरी कोणी?"

"आजींनी," म्हणाले. "मी म्हटलं, साहेबांच्या नकाशात तसं नाही. तर म्हणाल्या, साहेब माझ्याच टेपवर मोजायला शिकलाय, तू कर. आणि घरात बोलू नकोस."

मी खोलीत गेले. त्या डबा घेऊन टाकीपाशी उभ्या होत्या. म्हटलं, "आई, तुम्ही जाऊ नका. मला करमणार नाही." निघालं एकदाचं! मग स्टूल ओढलं, चढले आणि निळी बॅग उचलून माळ्याकडे नेली.

त्यांनी चिमूटभर खाणं पाण्यात सोडलं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"अगं, आधी कपडे काढ त्यातले. उद्या घालू काय?"