पालखी आणि ग्रीन व्हेनिस

वरणगाव,
१८ जानेवारी २००७

चि. सौ. सुगंधास, दादाचे अ. आ. आम्ही इकडे खुशाल, तुम्हीही असाल असे धरून लिहितो.

आनंदाची बातमी आहे. आपल्या स्वप्नीलने गावी, मुर्ध्याला, 'ग्रीन व्हेनिस'मध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बाबांचं जे शेत आम्ही भावांनी विकलं, त्यावरच ही बिल्डिंग उभी आहे, बघ कसा योग. आणि राहायला गेल्या गेल्या पोराला सोसायटीचा सेक्रेटरी केलं! मे महिन्यात मी फॅक्टरीतून रिटायर झालो की तुझी वहिनी आणि मी तिथेच येणार. त्र्याहत्तर साली गाव सोडलं, तेव्हापासून मनात आहे की बेडकांचा आवाज ऐकत झोपावं, सकाळी मिठाच्या राशी उन्हात चमकताना बघाव्यात आणि तुझ्या हातचे बोंबील खावेत.

स्वप्नील म्हणतो, गाववाले जरा त्रास देतात. तू शेजारच्या राई गावातच आहेस. तुझं ऐकतात सगळे, दोन शब्द समजावून सांग.

मेहुण्यांना, काळूरामरावांना, नमस्कार. माया आहे ती वाढू दे.

तुझा,
महिपतदादा


राई,
२ फेब्रुवारी २००७

ती. दादांस, सुगंधाचा वाकून सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की यांना वाटलं, टीव्ही चालू राहिलाय. दादा, आधीच सांगून ठेवते. बेडूक आता मोबाइलच्या रिंगटोनमध्येच ओरडतात. मिठाच्या जागी रेतीच्या राशी आहेत, लांबून बघितल्या तर चालून जातील. बोंबील मी करून घालीन, पण इथे माझ्या घरी बसून खा. फ्लॅटमध्ये नेलेत तर बी विंगवाले वासाची तक्रार करतात, आणि तक्रारी घ्यायला तुमचेच चिरंजीव बसलेत. खेकडे पकडताना ज्या खाजणात तुम्ही कमरेपर्यंत रुतला होतात, त्याला जाहिरातीत 'लेकफ्रंट' म्हटलंय. वास तोच आहे, फक्त आता लिफ्टने वर जातो.

आता गाववाल्यांचा त्रास काय तो ऐका. चैत्र पौर्णिमेला गावदेवीची पालखी आपल्या शेताच्या बांधावरून खाडीवर जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या बांधावर आता सोसायटीचं फाटक आहे. काम चालू होतं तोवर पालखी सळ्यांमधून वाट काढत गेली, कुणी अडवलं नाही. यंदा फाटकाला कुलूप. मी स्वप्नीलकडे गेले. सूनबाईंनी, क्षितिजाने, चहा छान केला. स्वप्नीलने कौतुकाने नकाशा पसरला आणि म्हणाला, आत्या, यात वाट कुठेच दाखवलेली नाही. मी म्हटलं, बाळा, यात गावही दाखवलेलं नाही, मग मी आले कुठून? तो हसला. कुलूप मात्र हसलं नाही.

दोन शब्द समजावून सांगायचेच असतील तर तुमच्या मुलाला सांगा.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

आपली,
सुगंधा


वरणगाव,
२० फेब्रुवारी २००७

चि. सौ. सुगंधास, अ. आ.

तुझं बोलणं लहानपणापासून तिखट, म्हणून मनावर घेतलं नाही. स्वप्नीलशी सविस्तर बोललो. त्याच्यापुढे दोनशे कुटुंबांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तरी कमिटीने मोठं मन करून ठराव केलाय. पालखीसाठी सजवलेला टेम्पो मिळेल, मेन रोडने वळसा घालून खाडीवर पोचवेल. देवीला ऊन लागणार नाही आणि काळूरामरावांच्या गुडघ्यालाही आराम.

सुगंधा, काळ बदलला. सत्तर सालचं गाव धरून बसलो तर आपणच हास्यास्पद ठरू. पोर पदावर नवीन आहे, घरच्याच माणसांनी त्याची शोभा करू नये. मी मार्चअखेरीस रजा काढून येतोच आहे, समोरासमोर बसून मिटवू.

तब्येतीस जप. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
महिपतदादा


राई,
५ मार्च २००७

ती. दादांस, सुगंधाचा सा. न. वि. वि.

टेम्पो बघून आले. चांगला आहे. एरवी तो सोसायटीचा कचरा नेतो, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी धुणार आहेत म्हणे.

काळ बदलला हे तुम्ही मला वरणगावहून कळवलंत, आभारी आहे. इथे दारात उभं राहून आमच्या लक्षातच आलं नव्हतं. शेत तुमचं होतं, तुम्ही तिघा भावांनी विकलं. मी हक्कसोडपत्रावर सही केली, मला साडी मिळाली, रंग अजून पक्का आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दादा, वाट आपली कुणाचीच नव्हती. ती कुणी विकली?

आणि एक. पालखी उचलली की खाडीच्या आधी खाली ठेवायची नाही आणि मागे फिरवायची नाही, हे तुम्हाला आठवत असेल. गावाने ठरवलंय, फाटकापर्यंत न्यायची आणि खांद्यावर घेऊन उभं राहायचं. पुढचा दांडा यांच्याकडे. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलंय. मी दोनदा विनवलं, तर उठून दांड्याला तेल लावायला गेले. मला भीती वाटते, दादा. म्हणूनच या वेळी जास्त थट्टा करतेय.

लवकर या. आमच्यावर जीव आहे तसा असू द्या.

आपली,
सुगंधा


राई,
६ एप्रिल २००७

सौ. उर्मिलावहिनींस, सुगंधाचा सा. न. वि. वि.

दादा आमच्याकडे आहेत, खुशाल आहेत, खांदा सुजलाय. काय झालं ते त्यांच्या तोंडून नीट येणार नाही, म्हणून लिहिते.

आल्यापासून दादा रोज मला समजवायला यायचे आणि जेवून जायचे. पौर्णिमेला मात्र, मला यात ओढू नका म्हणत वर फ्लॅटमध्येच थांबले. पालखी फाटकाशी पोचली. आत कमिटी, हातात ठरावाची प्रत. बाजूला टेम्पो, त्याला झेंडूच्या माळा. ऊन मरणाचं. गॅलऱ्या माणसांनी भरल्या, फोटो काढायला. कुणीतरी वरून हिंदीत विचारलं की शूटिंग कोणत्या सिरियलचं आहे.

अर्ध्या तासाने यांचा गुडघा थरथरायला लागला. दुसरा कुणी पुढे आला की मान हलवून नको म्हणायचे. मग एकदम वाकले, आणि पालखी एका अंगाला कलली. तेवढ्यात छोट्या दारातून दादा बाहेर आले. घरातला लेंगा, बनियन, पाय अनवाणी. कधी खाली उतरले कळलं नाही. कुणाशी काही न बोलता यांना बाजूला केलं आणि दांड्याखाली खांदा घातला. स्वप्नील म्हणाला, पप्पा, प्लीज, वर चला, लोक बघतायत. वहिनी, तुमच्याशी इतकी वर्षं पुस्तकी मराठी बोलणारा माणूस मुलाला म्हणाला,

"पोरा, तुज्या बापाच्या खांद्यावं वजन हाय. वाट न्हाय त्या कागदात, म्हायत हाय मला. फाटक उघड."

स्वप्नीलने कमिटीकडे बघितलं, मग दादांकडे. आणि स्वतःच्या हाताने कुलूप काढलं.

पालखी पार्किंगमधून गेली. ए विंगच्या बायकांनी ताटं ओवाळली, तर तक्रारखोर बी विंगवाल्या रुसल्या, आमच्याकडे का थांबली नाही म्हणून! खाडीवर पालखी ठेवली तेव्हा दादा यांच्या शेजारी चिखलात बसले. मी पाणी दिलं.

स्वप्नीलचं पद दुसऱ्या दिवशीच गेलं, ठराव मोडला म्हणून. रात्री जेवायला आला, खाली मान घालून तीनदा भात घेतला. त्याला ओरडू नका.

लोभ आहे तो उतू जाऊ द्या.

आपली,
सुगंधा


वरणगाव,
१६ एप्रिल २००७

सुगंधाताईंस, उर्मिलाचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र बरं आलं. तुमच्या दादांनी मला फोनवर सांगितलं होतं की एसीसमोर झोपल्याने खांदा धरला. आमच्या लग्नापासून या माणसाने गॅसचं सिलिंडर उचललेलं नाही. त्यांना म्हणावं, गरम शेक घ्या आणि खोटं जरा कमी बोला.

काळूरामरावांचा गुडघा कसा आहे ते लगेच कळवा, मला त्याचीच काळजी जास्त आहे.

काल स्वप्नीलचा फोन होता. पदाबद्दल बराच वेळ कुरकुरला. मग म्हणाला, पुढच्या वर्षी दांड्याला आपणही लागावं म्हणतोय. त्यावर तुम्ही त्याला रोज संध्याकाळी तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन अंगणात फिरायला सांगितलंत म्हणे. चांगलं केलंत. फक्त एक विनंती आहे. माझा मुलगा कॉम्प्युटरवर काम करतो. सुरुवातीला लहान गोणी द्या.

आमची आठवण असू द्या.

तुमची,
उर्मिला